रुग्णाच्या शब्दांत

जगात रोज पुष्कळ गोष्टी होतात, पण त्यातल्या फार थोड्या घडतात. घडण्यासाठी गोष्टीची नोंद व्हावी लागते. नोंद नसेल तर आज सूर्य उगवला हेसुद्धा ऐकीवच म्हणावे लागेल, आणि ऐकीव गोष्टींवर इस्पितळ चालवता येत नाही. (ते कशावर चालवावे याचा विचार करायला एक समिती नेमली आहे. तिच्या बैठकीचे टिपण सापडत नाही, तेव्हा बैठक झाली असे ठामपणे म्हणता येत नाही. चहाचे उष्टे कप मात्र सापडले आहेत.)

ज्या इस्पितळाची ही हकिकत, तिथे हे तत्त्व प्रत्येक वॉर्डाच्या दारावर निळ्या पाटीवर ठळक अक्षरांत लावले होते: 'जे लिहिले नाही, ते झाले नाही.' पाटी ऐसपैस होती. ती बसवण्यासाठी दाराची काच झाकावी लागली. त्या काचेतून पूर्वी येता-जाता आतले रुग्ण दिसत. आता रुग्ण दिसत नसत, पण तत्त्व लांबूनही वाचता येई, आणि तपासणीला येणारे पाहुणे त्यावर बेहद्द खूश होते.

शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या वॉर्डात एक नवी सिस्टर रुजू झाली. तिला आईबापांनी ठेवलेले नाव होते, पण पहिल्याच दिवशी मोठ्या सिस्टरांनी 'अहो नवीन, इकडे या' अशी हाक मारली आणि तेच नाव चिकटले. तिच्यानंतर आणखी दोघी आल्या, तरी नवीन तीच राहिली. त्या दोघींना मग 'त्यानंतरच्या' म्हणत.

पोरगी कामाला वाघ होती. सुई टोचून झाली तरी रुग्ण 'टोचा आता' म्हणून वाट बघत राही, इतका हात हलका. चादर बदलायची ती माणसाची झोप न मोडता. पण (हा 'पण' तिच्या गोपनीय अहवालात ठळक होता) तिला लिहिता येत नव्हते. अक्षर मोत्यासारखे होते, शुद्धलेखनाला नाव ठेवायला जागा नव्हती. अडचण एवढीच की तिला जे दिसे ते ती लिही.

नमुन्यादाखल तिची एक नोंद पाहण्यासारखी आहे: 'अकरा नंबरचे काका सकाळपासून भिंतीकडे तोंड करून पडलेत. जेवण कसं होतं विचारलं तर बरं म्हणाले, पण ताट जसंच्या तसं आहे. कूस बदलताना दुखतं का विचारलं, तेव्हाही बरं म्हणाले आणि पायाचा अंगठा मुडपून धरला. मला काही हे ठीक वाटत नाही.'

मोठ्या सिस्टरांनी याखाली लाल शाईने शेरे मारले. अंगठ्याविषयी रुग्णाने तक्रार केली आहे काय? नसल्यास अंगठा वगळावा. ताट हे स्वयंपाकघराच्या अखत्यारीत येते. 'मला' म्हणजे कोणाला? आणि ठीक वाटत नसल्यास रजेचा अर्ज वेळेत द्यावा.

मोठ्या सिस्टर मनाच्या वाईट नव्हत्या. उमेदीच्या वयात त्यांनी एका बाईचा हात धरून अख्खी दुपार तिच्या उशाशी काढली होती. ती दुपार लिहायची राहिली, आणि पुढे चौकशी लागली तेव्हा ती कुठेच सापडेना. त्यांनी जो कानाला खडा लावला तो कायमचा. तेव्हापासून त्या हातात फक्त पेन धरत.

आता या अकरा नंबरच्या काकांविषयी. काका शिंपी होते. शिंप्याच्या दुकानात माणूस येतो तो तक्रार घेऊनच येतो: गळा उतरला, बाही चढली, मागच्या खेपेला असं नव्हतं. यावर वाद घालणारा शिंपी गिऱ्हाईक घालवून बसतो. काकांनी सगळ्या जन्मात या सगळ्या तक्रारींना मिळून एकच उत्तर शोधून काढले होते, ते म्हणजे 'बरं'. गिऱ्हाईक शांत होई, काका मशीन चालवत राहत. पुढे हे उत्तर त्यांनी दुकानाबाहेरही वापरायला काढले. घरमालक ओरडला, बरं. मुलगा परगावी निघाला, बरं. पित्ताशय काढून टाकावं लागेल असे डॉक्टर म्हणाले तेव्हाही काकांनी बरं म्हटले, आणि शर्टाची बटणे स्वतःच उघडू लागले.

तर नवीनची ही लेखनातली कमतरता दूर व्हावी म्हणून तिला 'दस्तऐवजीकरण व सुसंवाद कौशल्यवर्धन वर्गा'ला धाडण्यात आले. तो पार पडल्याशिवाय तिची नोकरी कायम होणार नव्हती. वर्ग तळघरात, मळक्या चादरी ठेवायच्या खोलीशेजारी भरे. शिकवणाऱ्यांना सगळे कौशल्यसर म्हणत. सरांनी आजवर एकाही रुग्णाला हात लावलेला नव्हता, त्यामुळे त्यांची मते निःपक्षपाती होती.

सरांचा पहिला सिद्धान्त असा की नोंद नेहमी रुग्णाच्या शब्दांत करावी आणि ती अवतरणचिन्हांत ठेवावी. परिचारिकेला काय दिसले हा परिचारिकेचा खासगी प्रश्न आहे. 'वाटते', 'दिसते', 'बहुधा' हे शब्द वापरू नयेत, कारण त्यांत कोणीतरी विचार केल्याचा वास येतो आणि विचार कोणी केला हे मग शोधावे लागते. दुसरा सिद्धान्त नजरेचा: रुग्णाशी बोलताना वाक्य संपेपर्यंत त्याच्याकडे पाहावे, नंतर पाहण्याची आवश्यकता नाही. तिसरा सहानुभूतीचा: प्रत्येक पाळीत किमान काही वेळा 'मी समजू शकते' असे म्हणावे. (काय समजले हे विचारण्याची पद्धत नाही.)

चौथा सिद्धान्त पुनरुच्चाराचा होता आणि तो सरांचा फार लाडका. रुग्ण जे म्हणेल ते परत म्हणून दाखवावे आणि त्याच्याकडून खात्री करून घ्यावी, म्हणजे गैरसमजाला वावच उरत नाही. याचा सराव वर्गातच घेतला. 'त्यानंतरच्या'पैकी एक रुग्ण झाली आणि तिने पाणी मागितले. तुम्ही पाणी मागितलंत, बरोबर? बरोबर. तुम्ही बरोबर म्हणालात, बरोबर? तास संपला तेव्हा संवाद इतक्या उंचीवर जाऊन पोचला होता की पाण्याची आठवण कोणालाच राहिली नाही. रुग्ण झालेली मुलगी मात्र बाहेर पडल्या पडल्या नळाकडे धावली.

शेवटच्या तासाला सरांनी यंत्राची ओळख करून दिली. परिचारिकांच्या नोंदी संगणकात जात आणि तिथे एक यंत्रणा त्यांतले अनुकूल शब्द वेचून प्रत्येक रुग्णाचा 'सुधारणा निर्देशांक' काढी. निर्देशांक नव्वदच्या वर गेला की रुग्ण घरी जायला पात्र. पूर्वी ही पात्रता डॉक्टर ठरवत. त्यात वेळ जाई आणि कधीकधी मतभेद होत. निर्देशांक आल्यापासून इस्पितळातल्या सुधारणेचे प्रमाण जवळजवळ दुपटीने वाढले होते. (मृत्यूचे प्रमाण होते तेवढेच राहिले. पण मरणारे आता पूर्वीपेक्षा बऱ्याच सुधारलेल्या अवस्थेत मरत.) अनुकूल शब्दांच्या यादीत 'छान', 'ठीक', 'चालेल' असे पुष्कळ शब्द होते, पण सर्वांत जास्त गुण 'बरं' या शब्दाला होते, कारण बरे होण्यासाठीच तर लोक इस्पितळात येतात.

नवीन वर्गात पहिली आली. जे शिकवले ते मनापासून शिकायचे ही तिची लहानपणापासूनची खोड. तिला प्लॅस्टिकच्या वेष्टणातले प्रमाणपत्र मिळाले आणि ती वॉर्डात परतली. त्या दिवशीची तिची नोंद अशी: 'अकरा नंबर. रुग्णाच्या शब्दांत: "बरं." "बरं." "बरं."'

ती वाचताना मोठ्या सिस्टरांचे डोळे भरून आले. अवतरणचिन्हे जिथल्या तिथे होती. अंगठा कुठेच नव्हता.

अंगठा तसा पलंगावर होताच, आणि दिवसेंदिवस जास्त मुडपत होता. काकांचा चेहरा मेणासारखा पिवळट पडत चालला. ताप होता, पण मर्यादेच्या आत. (मर्यादा गेल्याच महिन्यात थोडी वर सरकवली होती, फार रुग्ण तिच्या बाहेर जात होते.) नवीन त्यांच्याजवळ जाई, वाक्य संपेपर्यंत त्यांच्याकडे बघे, आणि वाक्य संपल्यावरही तिची नजर निघत नसे. इथे ती शिकवलेले विसरू लागली होती.

भेटीच्या वेळेला काकू येत. काकू म्हणजे काकांची बायको. घरातले बोलण्याचे खाते पूर्वीपासून त्यांच्याकडे. त्यांनी एका संध्याकाळी नवीनला व्हरांड्यात गाठले आणि आपल्या नवऱ्याच्या 'बरं'ची फोड करून सांगितली. ओढून म्हटलेलं बरं म्हणजे ऐकलं, पण पटलेलं नाही. तुटक म्हटलं तर विषय संपवा. दोनदा लागोपाठ म्हटलं तर तुम्ही आता निघा. आणि श्वास आत घेऊन म्हटलेलं बरं काकूंनी उभ्या संसारात एकदाच ऐकलं होतं, मोठी कात्री पायावर पडली होती तेव्हा.

"आणि आता?" नवीनने विचारले.

"आता परवापासून तेच चाललंय," काकू म्हणाल्या. "मी काही शिकलेली नाही, बाई. पण हा माणूस मला न सांगता जायचं बघतोय."

नवीन तडक मोठ्या सिस्टरांकडे गेली. मोठ्या सिस्टरांनी शांतपणे ऐकून घेतले, पुनरुच्चार केला, खात्री करून घेतली आणि विचारले की हे लिहिणार कुठे. नातेवाइकांचे म्हणणे पूर्वी 'इतर' या रकान्यात जाई. पण 'इतर' हा रकाना गेल्या वर्षी काढून टाकण्यात आला होता, कारण लोक त्यात लिहू लागले होते. शिवाय श्वास आत घेतला की बाहेर सोडला हे अवतरणचिन्हांत बसत नाही. आणि हे बघा नवीन, त्या आवाज उतरवून म्हणाल्या, तुमची ऑर्डर टेबलावर आहे, या आठवड्यात कायम व्हाल. उगाच कशाला पायावर धोंडा पाडून घेता.

तोवर काकांचा निर्देशांक ब्याण्णव झाला होता. संगणकाच्या पडद्यावर त्यांच्या नावासमोर हिरवा ठिपका लागला. वॉर्डातल्या एवढ्या माणसांत सर्वांत वेगाने सुधारणारे तेच होते. त्यांच्या खाटेसाठी पुढचा रुग्ण खाली चाकाच्या खुर्चीत येऊनही बसला होता.

नवीनला त्या दुपारी एक गोष्ट स्वच्छ दिसली: हा माणूस 'बरं' म्हणता म्हणता घरी जाणार आणि घरी जाऊन मरणार. तिला भीती वाटली. मग तिने विचार केला की रोग शब्दात आहे तर औषधही शब्दालाच दिले पाहिजे, आणि तिने काकांची शिकवणी घ्यायला सुरुवात केली.

"काका, उद्या डॉक्टर विचारतील कसं वाटतंय. तुम्ही म्हणायचं, दुखतंय."

"बरं," काका म्हणाले.

"आत्ता म्हणून दाखवा."

"बरं."

हे पालथ्या घड्यावर पाणी बराच वेळ चालले. शेवटी काकांनी तिला जवळ बोलावले आणि हळू आवाजात आपली अडचण सांगितली. "पोरी, एवढा मोठा माणूस, एवढं मायेनं विचारतो. त्याला दुखतंय म्हणून कसं सांगायचं? त्याला वाईट नाही का वाटणार?" नवीनने सांगितले की त्यांना वाईट वाटलं तर ते मी बघून घेईन. त्यावर काका म्हणाले, प्रयत्न करतो.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर फेरीला आले. डॉक्टर हुशार होते, मायाळू होते, त्यांची नजर तीक्ष्ण होती आणि ती चाकांच्या टेबलावरच्या संगणकावर होती. अकरा नंबरपाशी टेबल थांबले. डॉक्टरांनी मान वर करून वाक्य संपेपर्यंत काकांकडे पाहिले आणि कसं वाटतंय म्हणून विचारले. काकांनी नवीनकडे पाहिले. चादर मुठीत धरली. जन्मभराची सवय दाताखाली दाबून धरल्यासारखा त्यांचा जबडा हलला, आणि अखेर ते बोलले.

"बरंच दुखतंय हो, डॉक्टर."

शिंप्याने आयुष्यात केलेली ही पहिली तक्रार. नवीनने ती नियमाप्रमाणे शब्दशः टंकलिखित केली, अवतरणचिन्हांसकट. यंत्राने ती वाचली. 'दुखतंय' हा शब्द त्याच्या यादीत नव्हता; यादी अनुकूल शब्दांची होती. 'बरं' होता, आणि त्याला तर वर 'च' लागलेला होता. च म्हणजे जोर, हे यंत्राला व्याकरणाच्या एका तज्ज्ञाने शिकवून ठेवले होते. काकांचा निर्देशांक एकशे चारवर गेला. शंभराच्या वर तो आजवर कोणाचाच गेला नव्हता; तसा जाऊ शकतो हेच कोणाला ठाऊक नव्हते. पडद्यावर हिरवा ठिपका लुकलुकू लागला.

डॉक्टरांनी काकांचे अभिनंदन केले. उद्या सकाळी घरी.

"डॉक्टर, हे बरे नाहीत," नवीन म्हणाली.

मोठ्या सिस्टरांनी पेन खाली ठेवले. डॉक्टरांनीही वर्ग केलेला होता, आणि चांगल्या गुणांनी केलेला होता.

"हे बरे नाहीत असं तुम्ही म्हणताय, बरोबर?"

"बरोबर."

"मी समजू शकतो," डॉक्टर म्हणाले, आणि टेबल बारा नंबरकडे सरकले. (नवीनच्या वाक्यातला 'बरे' तेवढा यंत्राने उचलला असता, सुदैवाने तो टंकलिखित झालेला नव्हता, म्हणजे म्हटलेलाच नव्हता.)

ती तिथेच उभी होती म्हणून तिला पुढचे दिसले. चौदा नंबरच्या माणसाच्या घशात नळी होती. त्याला बोलता येत नव्हते. तिथे डॉक्टरांनी टेबल बाजूला सारले. ते पलंगाच्या कडेवर बसले, त्यांनी चादर काढली, छातीला स्टेथोस्कोप लावून ऐकले, पोट चाचपले, डोळ्यांच्या पापण्या ओढून पाहिल्या, आणि त्या माणसाच्या चेहऱ्याकडे इतका वेळ पाहत राहिले की कौशल्यसरांनी हरकत घेतली असती. या माणसाजवळ शब्द नव्हते, त्यामुळे त्याच्याकडे बघण्यावाचून दुसरा इलाज नव्हता.

सकाळी काकू पिशवी घेऊन आल्या. पिशवीत काकांनी स्वतः शिवलेला सदरा होता. तो घालताना त्यांना हात वर करता येईना, तेव्हा काकूंनी तो नुसता खांद्यांवर टाकला. कागद तयार होते. फक्त डॉक्टरांनी शेवटचे एकदा विचारायचे, शेवटचे उत्तर अवतरणचिन्हांत टाकायचे आणि सही करायची, एवढेच उरले होते. टेबलाची चाके दाराशी वाजली. नवीनने खिशातून थर्मामीटर काढला, झटकला आणि काकांच्या जिभेखाली ठेवला.

"ओठ मिटा, काका. मी सांगेपर्यंत उघडायचे नाहीत."

काका बरं म्हणणार होते. ते ओठांपर्यंत आलेले तिला दिसले. मग त्यांनी नुसतीच मान हलवली.

डॉक्टरांनी विचारले, कसं वाटतंय. उत्तर आले नाही. डॉक्टरांनी पुन्हा विचारले, थोडे हसून. काका थर्मामीटर तोंडात धरून त्यांच्याकडे बघत राहिले. पडद्यावर दोन अवतरणचिन्हे एकमेकांसमोर उघडी होती आणि त्यांच्या मधे काहीच नव्हते. यंत्र पुढे सरकेना.

"रुग्णाचे शब्द उपलब्ध नाहीत, डॉक्टर," नवीन म्हणाली. वाक्य वर्गात शिकवलेले असल्याने सरळ आले.

डॉक्टरांनी मोठ्या सिस्टरांकडे पाहिले. आता थर्मामीटर काढायला सांगणे हे मोठ्या सिस्टरांचे काम होते. त्यांनी काकांकडे पाहिले, मग काकूंकडे, आणि कोणत्या तरी जुन्या दुपारची आठवण झाल्यासारख्या त्या खिडकीकडे वळल्या. ताप पुरता मोजायला वेळ लागतो, एवढेच त्या म्हणाल्या.

तेव्हा डॉक्टरांचा नाइलाज झाला. ते पलंगाच्या कडेवर बसले, खांद्यावरचा सदरा बाजूला केला आणि काकांच्या पोटावर हात ठेवला. पोट लाकडाच्या फळीसारखे टणक लागले. त्यांनी किंचित दाबले. थर्मामीटर तोंडातून उडाला आणि काका 'आई गं' म्हणाले. (हे पुढे 'रुग्णाने नातेवाइकांची आठवण काढली' या सदराखाली नोंदवले गेले, आणि ते अनुकूल धरले गेले.) डॉक्टरांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी पडद्याकडे पाहिले नाही. 'स्ट्रेचर' एवढेच म्हणाले, आणि ते आल्यावर त्यांनी स्वतःच एक टोक धरले.

आत पू साठला होता, वाटीभर. दुपारी शस्त्रक्रियागृहाच्या दारात डॉक्टर काकूंना म्हणाले की घरी नेलं असतं तर परवाचा दिवस दिसला नसता. काकूंनी पिशवी छातीशी धरली. नवीन मळक्या चादरींच्या खोलीत जाऊन पोटभर रडली. ते कोणी लिहिले नाही, तेव्हा ते झाले नाही.

एवढ्या मोठ्या प्रसंगातून इस्पितळ काही शिकले नाही असे कोणी म्हणू नये. समिती बसली (या वेळी टिपणासह) आणि ती अशा निष्कर्षाला आली की सुसंवादातली खरी अडचण रुग्णाचे बोलणे ही आहे. यापुढे फेरीच्या वेळी सर्व रुग्णांच्या तोंडात थर्मामीटर असावा असा आदेश निघाला. पहिल्याच दिवशी डॉक्टरांना सगळ्या वॉर्डाला हात लावावा लागला. सकाळची फेरी संध्याकाळी संपली, डॉक्टरांच्या नाकी नऊ आले आणि हिरवे ठिपके झपाट्याने कमी झाले. पोटे टणक निघू लागली, पाय सुजलेले निघू लागले, एका बाईला तर दिसतच नव्हते, आणि ती इतके दिवस 'चालेल' म्हणत होती. ही परिस्थिती गंभीर असल्याचे समितीच्या लगेच ध्यानात आले. आदेशात दुरुस्ती झाली: तोंडात थर्मामीटर असलेल्या रुग्णाच्या हातात एक कार्ड द्यावे आणि त्यावरचा योग्य शब्द त्याने बोटाने दाखवावा. कार्डावर तीन शब्द आहेत. रुग्णाचा गोंधळ होऊ नये म्हणून तिन्ही अनुकूल आहेत.

नवीनची नोकरी कायम झाली. रुग्णांशी इतका उत्तम संवाद साधणारी परिचारिका रुग्णांमध्ये वाया घालवणे योग्य नव्हे असे ठरून तिला तळघरात शिकवायला नेमले. तिने ते निमूट स्वीकारले. आता तिच्या वर्गात पहिला तास असा असतो: दोघी-दोघींनी समोरासमोर बसायचे, ओठ मिटायचे आणि तास संपेपर्यंत एकमेकींकडे बघायचे. बहुतेकजणी निम्म्या तासातच रडू लागतात. कौशल्यसरांनी याविरुद्ध लेखी तक्रार केली आहे.

काका घरी गेले. हळूहळू मशीनवरही बसू लागले. या सगळ्या आजारपणात परगावचा मुलगा त्यांना रोज संध्याकाळी फोन करत असे. एक दिवस चुकला नाही. तो रोज विचारी, बाबा कसे आहात, आणि ज्या दिवशी वाटीभर पू निघाला त्याच्या आदल्या संध्याकाळीही त्याने विचारले होते. मुलगा गुणी आहे. त्याला दोष देण्यासारखे त्याच्या हातून काहीही झालेले नाही. त्याने विचारले, उत्तर मिळाले, त्याने फोन ठेवला.

वाचकहो, इथवर तुम्ही मोठ्या सिस्टरांना हसलात, डॉक्टरांना हसलात, यंत्राला तर पोट धरून हसलात. ते रास्तच आहे, कारण तुम्ही यंत्र नाही आहात. तुम्हाला माणसे आहेत, आणि त्यांच्यापैकी कोणीतरी म्हातारे, एकटे, लांबच्या गावात बसून तुमच्या फोनची वाट बघत असते. काल तुम्ही तो फोन केलात. जेवण, हवा, शेजारी झाल्यावर तब्येत कशी आहे तेही विचारलेत. पलीकडून काय उत्तर आले ते इथे अवतरणचिन्हांत देण्याची गरज नाही, तुम्हाला ते पाठ आहे. त्यावर तुम्ही किती वेळ थांबलात हे कुठेच लिहिलेले नाही, तेव्हा तुम्ही थांबला नव्हतात असेच धरावे लागते. तुम्ही काय म्हणालात त्याची नोंद मात्र आहे.

"बरं, ठेवतो मग."